‘स्कॅन्सोरिअल’चा अर्थ आणि मूळ: शास्त्रीय शब्दाचा माग काढण्याची क्रमवार पद्धत

वन्यजीवांवरचं इंग्रजी वाचताना ‘स्कॅन्सोरिअल’ हा शब्द कधी ना कधी आडवा येतोच. त्याचा अर्थ विचारला की तीन उत्तरं पुन्हा पुन्हा मिळतात. पहिलं, ‘झाडावर राहणारा’. दुसरं, ‘स्कॅन’वरून आलेला, म्हणजे उंचावरून न्याहाळणारा. तिसरं, संस्कृतातल्या ‘स्कंध’ म्हणजे खोड या शब्दावरून आलेला, म्हणून खोडावर चढणारा. तिन्ही उत्तरं चुकीची आहेत आणि तिन्हींचं कारण एकच आहे: क्रम उलटा झाला. आधी कानाला जवळचा वाटणारा शब्द पकडला आणि मग त्यावरून अर्थ बेतला.

खालचे टप्पे दिलेल्या क्रमानंच घ्या. आधी आजचा अर्थ, मग शब्दाची बांधणी, मग लॅटिन, मग इंग्रजीतला प्रवेश आणि संस्कृत अगदी शेवटी. उदाहरण एकाच शब्दाचं आहे, पण प्राणिशास्त्रातल्या अशा बहुतेक शब्दांना हीच पद्धत लागू पडते.

## तयारी

शब्दाचं इंग्रजी स्पेलिंग अक्षर न् अक्षर उतरवून घ्या: एस, सी, ए, एन, एस, ओ, आर, आय, ए, एल. भाषणात ऐकलेला शब्द नंतर टाइप करताना फार घोटाळा होतो. इंद्रियांशी संबंधित असलेला ‘सेन्सोरिअल’ हा पूर्ण वेगळा शब्द आहे आणि शोधखिडकी आपल्याला त्याच्याकडे सहज ढकलते. एस नंतर सी आणि त्यानंतर ए आहे ना, एवढं पाहिलं तरी पुढचा अर्धा गोंधळ टळतो.

स्पेलिंगखाली शब्द ज्या वाक्यात भेटला ते पूर्ण वाक्य लिहा. शेजारी दोन नोंदी करा: मजकूर कोणत्या प्राण्यांविषयी आहे आणि तो साधारण कोणत्या काळातला आहे. या नोंदी पहिल्या दोन टप्प्यांतच कामाला येणार आहेत.

कोश तीन प्रकारचे लागतात. शब्दाचे जुने वापर सालासकट देणारा इंग्रजी कोश हवा. ऑक्सफर्डचा मोठा कोश हा त्यातला मुख्य, तो १८८४ पासून भागाभागानं निघून १९२८ मध्ये पुरा झाला आणि त्याच्या सुधारित आवृत्त्या पुढेही आल्या. दुसरा लॅटिन कोश. लुईस आणि शॉर्ट यांचा १८७९ चा कोश जालावर मोफत वाचता येतो. तिसरा संस्कृत कोश, वामन शिवराम आपट्यांचा किंवा मोनिअर-विल्यम्सचा. खिशात मावणारा इंग्रजी-मराठी कोश या कामाला पुरत नाही. त्यात असे शब्द बहुधा नसतात, आणि असले तरी एका शब्दात उरकलेले असतात.

## टप्पा १: वाक्यात शब्द कशाला चिकटला आहे ते पाहा

विशेषण आहे म्हणजे ते कशाचं तरी विशेषण असणार. ते प्राण्याला लावलं आहे, पायाला लावलं आहे की जीवनपद्धतीला? ‘स्कॅन्सोरिअल पाय’ आणि ‘स्कॅन्सोरिअल सस्तन प्राणी’ यांत शब्द एकच असला तरी सांगणं वेगळं आहे. पाय म्हटलं की रचना सांगितली जाते, प्राणी म्हटलं की वावर सांगितला जातो.

तपासा: विशेष्याखाली रेघ मारल्याशिवाय पुढे जाऊ नका.

## टप्पा २: आजचा अर्थ नक्की करा

सर्वसाधारण इंग्रजी कोशात या शब्दाचा अर्थ ‘चढण्याशी संबंधित, चढू शकणारा किंवा चढण्यासाठी घडलेला’ असा मिळतो. या अर्थात झाड नाही. चढणं आहे, कशावर, ते सांगितलेलं नाही. भिंतीवरची पाल या व्याख्येत आरामात बसते. तिच्या बोटांखाली चिकटून धरणाऱ्या ज्या आडव्या पट्ट्या असतात, त्यांना सरीसृपतज्ज्ञ ‘स्कॅन्सर’च म्हणतात.

शास्त्रीय लेखनात मात्र अर्थ आणखी आखीव होतो आणि तो शाखेप्रमाणे बदलतो. बहुतेक भाषांतरं इथंच चुकतात, म्हणून या टप्प्याला वेळ द्या.

सस्तन प्राण्यांच्या अभ्यासात प्राण्यांचे वावरानुसार गट पाडतात: जमिनीवर वावरणारे, बिळं खोदणारे, पाण्यात राहणारे, तरंगत झेपावणारे, झाडावर राहणारे. यांच्यामध्ये एक गट असतो चांगलं चढता येणाऱ्या, चढण्याजोगी अंगकाठी असलेल्या, पण जमिनीवरही बराच वेळ काढणाऱ्या प्राण्यांचा. तो गट म्हणजे स्कॅन्सोरिअल. झाडावरच खाणं, झोपणं, पिल्लं वाढवणं असेल तर तिथं दुसरा शब्द वापरतात, ‘आर्बोरिअल’. तो लॅटिनमधल्या ‘आर्बोर’ म्हणजे झाड या शब्दावरून आला आहे.

आपल्याकडची जोडी घेतली तर फरक लगेच कळतो. भीमाशंकरच्या जंगलातलं शेकरू घरटं झाडावर बांधतं, फांदीवरून फांदीवर झेप घेत फिरतं आणि जमिनीवर क्वचितच उतरतं, ते आर्बोरिअल. अंगणातली पट्ट्यांची खार झाडावर सरसर चढते, घरटंही झाडावर करते, पण दिवसभर जमिनीवर दाणे टिपत हिंडते. तिला स्कॅन्सोरिअल म्हणता येतं. बिबट्याही अशा याद्यांमध्ये बऱ्याचदा या मधल्या गटात दिसतो.

दोन गटांमधली रेघ सगळे लेखक एकाच ठिकाणी मारत नाहीत. त्यामुळे लेखकानं आपली व्याख्या दिली असेल तर तीच प्रमाण माना. प्रबंधात ती पद्धतीच्या भागात किंवा तक्त्याखाली असते, पुस्तकात शेवटच्या शब्दसूचीत.

पक्ष्यांच्या जुन्या पुस्तकांत अर्थ तिसराच. तिथं ‘स्कॅन्सोरिअल पाय’ म्हणजे दोन बोटं पुढे आणि दोन मागे असलेला पाय. सुतार, पोपट, कोकीळ, तांबट यांचे पाय असे असतात. सुतार खोडावर चढतो हे खरं, पण कोकीळ काही खोडावर चढत फिरत नाही. उलट शिलींध्री हा छोटा पक्षी खोडावर चढतो, डोकं खाली करून उतरतोसुद्धा, आणि त्याच्या पायाला मात्र नेहमीसारखी तीन बोटं पुढे, एक मागे. थोडक्यात, जुन्या पक्षिशास्त्रात हा शब्द बोटांची मांडणी सांगतो. त्यावरून पक्षी चढतोच, असं गृहीत धरू नका.

तपासा: वाक्यातून शब्द काढून तिथं आळीपाळीनं तीन अर्थ घाला: ‘चढण्यास योग्य’, ‘झाडावर व जमिनीवर दोन्हीकडे वावरणारा’, ‘दोन बोटं पुढे व दोन मागे असलेला’. मागच्या-पुढच्या वाक्यांशी जो जुळेल तो तुमचा अर्थ. दोन जुळत असतील तर पहिल्या टप्प्यातली रेघ पुन्हा पाहा.

## टप्पा ३: शब्दाचे तुकडे शेवटाकडून पाडा

सुरुवातीकडून पाडलेत तर पहिला तुकडा ‘स्कॅन’ असा हाती येतो आणि मन तिथंच अडकतं. म्हणून शेपटीकडून सुरुवात करा.

शेवटचं ‘अल’ हा विशेषण करणारा प्रत्यय आहे. तो काढा. उरलेल्या भागाच्या टोकाला ‘ओरि’ दिसतं. त्याची ओळख रोजच्या शब्दांतून पटवून घ्या. ‘एडिटर’वरून ‘एडिटोरिअल’, ‘ट्यूटर’वरून ‘ट्युटोरिअल’. त्याच चालीनं ‘स्कॅन्सोरिअल’च्या पोटात एक कर्ता लपलेला आहे: स्कान्सोर, म्हणजे चढणारा.

प्राणिशास्त्रात या साच्याचे शब्द पुष्कळ आहेत. ‘फॉसोरिअल’ म्हणजे खोदणारा. ‘कर्सोरिअल’ म्हणजे धावणारा. संगणकाच्या पडद्यावरचा ‘कर्सर’ मुळात ‘धावणारा’च आहे. ‘रॅप्टोरिअल’ म्हणजे झडप घालून पकडणारा. ‘नॅटॅटोरिअल’ म्हणजे पोहणारा. प्रत्येक शब्दात एक क्रिया आणि ती करणारा आहे. मग आपल्या शब्दातही जागा सांगणारं नाम शोधायचं नाही, क्रियापद शोधायचं. ‘झाडावर राहणारा’ हे भाषांतर कसं निसटलं आहे ते इथं दिसतं.

## टप्पा ४: व्यंजन का बदललं ते सिद्ध करा

लॅटिनमध्ये ‘चढणे’ या अर्थाचं क्रियापद आहे ‘स्कान्देरे’. त्यात ‘द’ आहे, आपल्या शब्दात मात्र ‘स’. हा बदल समजून न घेता ‘साधारण सारखं दिसतं’ म्हणून पुढे जाणं ही व्युत्पत्तीतली सगळ्यात महागात पडणारी घाई.

लॅटिनमध्ये धातूच्या शेवटी ‘द’ आला आणि त्याला ‘त’नं सुरू होणारा प्रत्यय लागला, की दोन्ही मिळून ‘स’ होतो. हा अपवाद नाही, नियमित बदल आहे आणि इंग्रजीतून तो आपल्या बोलण्यातही आला आहे. सस्पेंड–सस्पेन्शन, डिफेंड–डिफेन्सिव्ह, एक्स्पांड–एक्स्पान्शन. आपल्याला हवी तशी तंतोतंत जोडी म्हणजे ‘स्पॉन्सर’. लॅटिनमध्ये ‘स्पोन्देरे’ म्हणजे वचन देणे आणि वचन देणारा तो ‘स्पोन्सोर’. स्पोन्देरे–स्पोन्सोर, तसंच स्कान्देरे–स्कान्सोर.

तपासा: तुम्ही मांडलेला ध्वनिबदल दाखवणारे आणखी किमान दोन शब्द सापडतात का? सापडत नसतील तर दुवा कच्चा आहे. कोशाकडे परत जा.

## टप्पा ५: लॅटिनमध्ये हा शब्द खरोखर होता का?

साच्यात बसतो म्हणून शब्द त्या भाषेत होताच असं नाही. शास्त्रज्ञांनी लॅटिनचे तुकडे जोडून कितीतरी नवे शब्द घडवले आहेत. म्हणून लॅटिन कोशात विशेषणाची स्वतंत्र नोंद शोधा.

इथं ती मिळते आणि वाचण्यासारखी आहे. इसवी सनपूर्व पहिल्या शतकातला रोमन वास्तुकार विट्रुव्हिअस याने वास्तुशास्त्रावरच्या आपल्या ग्रंथाच्या दहाव्या भागात यंत्रांचे प्रकार सांगितले आहेत. त्यातल्या एका प्रकाराला तो ‘स्कान्सोरिउम’ म्हणतो: ज्यांच्या आधारानं माणूस उंचावर चढतो अशी उभारणी. शब्दाच्या या जुन्या वापरात झाड नाही आणि प्राणीही नाही. चढणं तेवढं आहे. दुसऱ्या टप्प्यात आपण जो मूळ अर्थ नक्की केला होता, त्याला इथं स्वतंत्र दुजोरा मिळतो.

सावधान: मूळ अर्थ सापडला म्हणून तो आजच्या वाक्यावर लादू नका. विट्रुव्हिअसचा अर्थ खरा आहे म्हणून सस्तन प्राण्यांच्या तक्त्यातला अर्थ खोटा ठरत नाही. अर्थाचा निकाल दुसऱ्या टप्प्यात लागला आहे, तो इथं बदलायचा नाही.

## टप्पा ६: इंग्रजीत तो कोणत्या वाटेनं आला ते शोधा

आता सालं देणारा इंग्रजी कोश उघडा. हा शब्द एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीच्या शास्त्रीय लेखनात दिसू लागतो आणि पक्ष्यांच्या वर्गीकरणाशी त्याची गाठ घट्ट आहे. जर्मन निसर्गवैज्ञानिक योहान कार्ल विल्हेल्म इलिगर याने १८११ मध्ये सस्तन प्राणी आणि पक्षी यांची मांडणी प्रसिद्ध केली. तिच्यात पक्ष्यांच्या एका गणाला त्याने ‘स्कान्सोरेस’ म्हणजे ‘चढणारे’ असं नाव दिलं. दोन बोटं पुढे, दोन मागे असणारे पक्षी त्यात एकत्र आले. पुढे हे वर्गीकरण मागे पडलं, कारण पायाची ठेवण सारखी असली तरी त्या पक्ष्यांचं आपसातलं नातं जवळचं नव्हतं. गण गेला, विशेषण राहिलं.

हे कळल्यावर दुसऱ्या टप्प्यातला ‘दोन बोटं पुढे, दोन मागे’ हा चमत्कारिक अर्थ कुठून आला तेही उलगडतं. तयारीत मजकुराचा काळ लिहून ठेवायला सांगितलं होतं ते यासाठी. एकोणिसाव्या शतकातलं पक्षीपुस्तक असेल तर आधी हाच अर्थ लावून पाहा.

शब्दाची मुळी आजही नवी नावं देते आहे. चीनमध्ये सापडलेल्या, पिसं असलेल्या एका छोट्या डायनासोरला २००२ मध्ये ‘स्कॅन्सोरिऑप्टेरिक्स’ हे नाव दिलं गेलं. पहिला भाग आपला लॅटिन, दुसरा ग्रीक. मिळून ‘चढणारा पंख’.

सावधान: ‘इलिगरनं हा इंग्रजी शब्द घडवला’ असं लिहू नका. त्याने गणाला लॅटिन नाव दिलं. विशेषण लॅटिनमध्ये त्याच्या आधीपासून होतं.

## टप्पा ७: खरे नातेवाईक आणि तोतये वेगळे करा

हा टप्पा आधी घेतला तर घात होतो. आता घ्यायला हरकत नाही, कारण पारखण्यासाठी हातात क्रियापद आहे.

‘असेंड’ म्हणजे वर चढणे, ‘डिसेंड’ म्हणजे उतरणे, ‘ट्रान्सेंड’ म्हणजे ओलांडून पलीकडे जाणे. हे तिन्ही स्कान्देरेचेच. उपसर्ग लागल्यावर ‘आ’चा ‘ए’ झाला आहे. हाही लॅटिनचा नेहमीचा बदल; ‘ॲन्युअल’ आणि ‘बायेनिअल’ यांत तोच दिसतो. वनस्पतिशास्त्रातलं ‘स्कॅन्डेन्स’ म्हणजे चढणारी वेल. कोकणातल्या गारंबीच्या महावेलीचं जुनं शास्त्रीय नाव ‘एन्टाडा स्कॅन्डेन्स’ होतं.

आता ‘स्कॅन’. तो खरंच याच कुळातला आहे, पण जनक नाही. लॅटिनमध्ये कवितेच्या ओळीचे चरण मोजत जाण्यालाही स्कान्देरे म्हणू लागले. चौदाव्या शतकाच्या अखेरीस इंग्रजीत ‘स्कॅन’ आला तो पद्याचं वृत्त तपासणे याच अर्थानं. बारकाईनं पाहणे हा अर्थ सोळाव्या शतकातला, वरवर नजर फिरवणे हा विसाव्या शतकातला. म्हणजे ‘स्कॅन्सोरिअल’ आणि ‘स्कॅन’ एकाच क्रियापदाच्या दोन वेगळ्या फांद्या आहेत, आणि न्याहाळण्याचा अर्थ फक्त दुसऱ्या फांदीवर उगवला. दोघांचा संबंध नाही म्हणणंही चूक आणि एकावरून दुसरा आला म्हणणंही चूक.

‘स्केल’ या शब्दाशी फार जपून वागा. इंग्रजीत त्याच रूपाचे वेगवेगळ्या मुळांचे शब्द आहेत. नकाशाचं प्रमाण किंवा संगीतातली स्वरमालिका सांगणारा ‘स्केल’ लॅटिनच्या ‘स्काला’ म्हणजे शिडीवरून आला, आणि शिडी स्कान्देरेच्या कुळातली. माशाचा खवला म्हणजे ‘स्केल’ आणि वजनाचा काटा म्हणजे ‘स्केल’ यांचा चढण्याशी काही संबंध नाही. ‘स्कॅन्डिनेव्हिया’चाही नाही.

## टप्पा ८: संस्कृताकडे शेवटी वळा

मराठी वाचकाला सगळ्यात मोठा मोह इथं होतो, आणि तो स्वाभाविक आहे. म्हणूनच हा टप्पा मुद्दाम मागे ठेवला.

खोड आणि खांदा या अर्थांच्या ‘स्कन्ध’ या शब्दात ‘ध’ आहे. व्युत्पत्तिकोश लॅटिन स्कान्देरेचं नातं लावतात ते ‘स्कन्द्’ या ‘द’ असलेल्या धातूशी. पाणिनीय धातुपाठात तो ‘स्कन्दिर् गतिशोषणयोः’ असा येतो. उडी मारणे, उसळणे, सांडणे, गळणे असे त्याचे अर्थ कोशांत मिळतात. कार्तिकेयाचं ‘स्कंद’ हे नाव याच धातूवरून सांगतात.

फक्त ‘द’ आणि ‘ध’ वेगळे आहेत एवढ्यावर निकाल देऊ नका. शब्दाच्या मध्ये संस्कृत ‘ध’च्या जागी लॅटिनमध्ये ‘द’ येऊ शकतो. ‘मध्य’ आणि लॅटिन ‘मेदिउस’ ही जोडी त्याचीच. त्यामुळे ध्वनीबरोबर अर्थ आणि कोशकारांनी दिलेले इतर भाषांमधले पुरावे पाहावे लागतात. ‘स्कन्द्’च्या बाजूनं अर्थ उभा आहे: तिकडे क्रिया, इकडेही क्रिया. ‘स्कन्ध’ हे अवयवाचं नाव आहे, आणि झाडाशी गाठ घालायला आपण त्याला ओढून आणतो. पण या शब्दाच्या मुळात झाडच नाही, हे पाचव्या टप्प्यात सिद्ध झालं आहे.

सावधान: ‘संस्कृतातून लॅटिनमध्ये गेला’ हे वाक्य लिहू नका. स्कान्देरे आणि स्कन्द् हे दोन्ही एका प्राचीन इंडो-युरोपीय धातूचे वंशज मानले जातात. दोघं समांतर चालत आले. एकानं दुसऱ्याला जन्म दिलेला नाही. ‘स्कन्द्’शी नातं दाखवताना ‘समान मूळ’ हे शब्द वापरा, ‘वरून आला’ हे नको.

## टप्पा ९: मराठी प्रतिशब्द निवडा

एकच मराठी शब्द सगळीकडे चालवण्याचा हट्ट सोडा. दुसऱ्या टप्प्यात जो अर्थ ठरला त्याप्रमाणे शब्द घ्या.

सर्वसाधारण अर्थ असेल तर ‘आरोहणक्षम’ चालेल. ललित किंवा मुलांसाठीच्या मजकुरात सरळ ‘चढणारा’ लिहावं. सस्तन प्राण्यांच्या गटासाठी पहिल्या उल्लेखात ‘झाडावर चढणारे पण जमिनीवरही वावरणारे’ असं पूर्ण लिहा आणि पुढे ‘आरोही’ हे छोटं रूप चालवा. ‘वृक्षवासी’ हा शब्द ‘आर्बोरिअल’साठी राखून ठेवा. दोन्हींना तोच लावला तर शेकरू आणि खार एकाच रकान्यात जाऊन पडतात आणि मूळ लेखकानं मेहनतीनं केलेला फरक पुसला जातो. ‘वृक्षारोही’ वापरायचा असेल तर प्राणी खरंच झाडांवरच चढतो का ते पाहा. पालीला आणि खडकांवर चढणाऱ्या प्राण्याला तो लागत नाही.

पक्ष्यांच्या पायासाठी वर्णनच द्या: ‘दोन बोटं पुढे, दोन मागे’. तिथं ‘चढणारा पाय’ असं शब्दशः लिहिलंत तर वाचक कोकिळेला खोडावर चढताना शोधत बसेल.

पुस्तकभर हा शब्द वारंवार येत असेल तर शेवटच्या शब्दसूचीत देवनागरीतला उच्चार, निवडलेला मराठी शब्द आणि या पुस्तकापुरता अर्थ अशी नोंद करा. एकाच पुस्तकात पक्षी आणि सस्तन दोन्ही असतील तर नोंदी दोन करा.